मनगटांची मोजणी

भावोजी एका मंगळवारी गेले. दुपारी दुकान बंद करून घरी आले, ताईकडे पाणी मागितलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

जगात कोणाचं घड्याळ किती खपतं, हे माझ्या या भावोजींइतकं कळलेला माणूस सगळ्या सिंधुदुर्गात दुसरा नव्हता. कट्टा गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. घड्याळांशी त्यांचा धंद्याचा संबंध नव्हता. पण एकदा वर्तमानपत्राच्या पुरवणीत जगातल्या घड्याळ कंपन्यांच्या वाट्यांचं एक गोल चित्र त्यांनी पाहिलं. त्यात स्वित्झर्लंडची एक फोड होती, जपानची होती, चीनची होती. भावोजींना प्रश्न पडला की ह्यात आपण कुठे आहोत? कंपन्या विकलेली घड्याळं मोजतात. पण आज सकाळी हातात कोणती बांधली, हे कोण मोजतं? कोणीच मोजत नसल्याने ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

पद्धत अगदी साधी होती. समोरच्याला वेळ विचारायची. त्याने मनगट वळवलं की तबकडीवरचं नाव वाचायचं. डाव्या खिशातून एक बी उजव्या खिशात टाकायची: जपानला चिंचोका, चीनला काजू, स्वित्झर्लंडला गुंज. पाठीमागच्या भिंतीवर हातभर घड्याळ टिकटिकत असताना दुकानदार आपल्याला वेळ का विचारतो, हे गिऱ्हाइकांना कधी कळलं नाही. कट्ट्याच्या एसटी थांब्यावर तर ते गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला वेळ विचारत. लोकांना वाटे, गृहस्थाची गाडी नेहमीच चुकते. एकदा ताईने लेंगा धुताना सगळा जपान विहिरीच्या कठड्यावर ओतला होता आणि भावोजी दोन दिवस जेवताना बोलले नव्हते.

त्यांचे निष्कर्ष मात्र ऐकण्यासारखे असत. गणपतीत चाकरमानी आले की फोन बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा वाटा झपाट्याने वाढतो आणि विसर्जनानंतर उतरतो, हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. एका लग्नात स्वित्झर्लंडने इतकी मुसंडी मारली की ते हरखून गेले. जिल्ह्याचे दिवस पालटले म्हणून घरी साखर वाटली. मागाहून समजलं, नवऱ्या मुलाच्या चुलत्यांची सगळी फळी बोटीवर नोकरीला होती आणि सिंगापूरच्या एकाच दुकानातून सगळ्यांनी घड्याळं आणली होती. तेव्हापासून बोटीवरच्यांची लग्नं मोजणीतून बाद झाली.

नगांत पुढे कोण आणि पैशांत पुढे कोण, हा फरक मला पुस्तकांतून कधी नीट समजला नव्हता. तो त्यांनी मला मासळीबाजारात समजावला. "ही बांगड्यांची पाटी बघ. हो चीन. आणि तो एकटो म्हाग सरंगो, तो स्वित्झर्लंड. जपान म्हणजे सुरमई, खयच्याय घरात चलता."

मी विचारलं, मग ती फोनशी बोलणारी घड्याळं?

"ती सुंगटां," कोळंबीच्या ढिगाकडे बोट दाखवून ते म्हणाले. "मासोच नाय. पण खपतत बघ कशी."

आणि सगळ्यात मोठा वाटा, त्यांच्या मते, रिकाम्या मनगटाचा. लावणीला उतरलेली, जाळं ओढणारी, भाकरी थापणारी मनगटं. त्यांना कोणत्याच चित्रात फोड नाही, याचं त्यांना फार नवल वाटे.

त्यांचं स्वतःचं मनगटही रिकामंच. आमच्याकडे लग्नात सासऱ्याने जावयाला घड्याळ द्यायचं असतं. आमच्या वडिलांनीही दिलं होतं, चावीचं, देशी. ज्या कारखान्यात ते झालं तो आता बंद आहे. मोजणी सुरू झाली तशी भावोजींनी ते काढून कपाटात ठेवलं. हातात घड्याळ बांधून दुसऱ्याला वेळ कशी विचारणार? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण ताईच्या मनात ते सलत राहिलं. वडील वारल्यावर तर जास्तच. दर सणाला ती एकदा म्हणायची, "माझ्या बापाशीचां घड्याळ कपाटात, आणि तुमी दुनयेची मनगटां मोजतास." भावोजी खाली बघून जेवत.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. आता सासरा तेच होते. एवढ्या वर्षांच्या अभ्यासात त्यांना आढळलं होतं की इथल्या पुरुषांची निम्मी घड्याळं सासऱ्यांनी निवडलेली असतात. कंपन्या उगाच तरुणांच्या जाहिराती करतात. आणि नेमकी निवडायची वेळ आली तेव्हा हा माणूस गोठला. सावंतवाडीच्या बाजारात त्यांच्याबरोबर मी होतो. प्रत्येक दुकानात त्यांनी दुकानदाराला जगाचा बाजार समजावून सांगितला आणि काहीही न घेता खाली उतरले. घरी येऊन आडवे झाले. आपण कोणाच्या पारड्यात बी टाकायची, हे त्यांना ठरवता येईना.

ताई दारात उभी राहून म्हणाली, "जावयाक खयचांय घेवा. पण मांडवात तुमी माझ्या बापाशीचां घड्याळ घालून उभे रवा. नायतर मी कन्यादानाक बसूचंय नाय."

त्यांनी जावयाला जपानी घेतलं. सुरमईच ती.

लग्नाच्या सकाळी त्यांनी कपाट उघडलं, चावी दिली, पट्टा बांधला. त्या दिवशी त्यांनी कोणालाही वेळ विचारली नाही. अक्षता पडायच्या आधी नवऱ्या मुलाच्या आजोबांनी सहज त्यांनाच विचारलं, "किती वाजले ओ?"

भावोजींनी मनगट पुढे केलं. तबकडीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"माझ्या सासऱ्यान दिल्लां," ते म्हणाले.

आजोबा बुचकळ्यात पडले. ताई भावोजींच्या शेजारीच पाटावर बसली होती. तिने पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला.

हे गेल्या वैशाखातलं. त्यानंतर मोजणी पुन्हा सुरू झाली आणि घड्याळ पुन्हा कपाटात गेलं. पण ताई त्यावरून परत कधी बोलली नाही.

परवा मी तिच्याकडे गेलो होतो. नारळ पाडायला आलेला गडी अंगणात पाणी पीत होता. ताईने त्याला वेळ विचारली. त्याने मनगट वळवून सांगितली. ती जरा वाकून बघत होती. तो गेल्यावर मी म्हटलं, भिंतीवर घड्याळ आहे की.

"चीन," ती म्हणाली आणि आत गेली.

दुकान बंद आहे. वडिलांचं घड्याळ ताईच्या उशाशी असतं आणि सकाळी उठल्यावर ती त्याला चावी देते. हातात ती काही बांधत नाही.