भागरथाकाकीची हाक

भागरथाकाकी पुढ्यात बसलेल्या माणसाशीही तो तळ्याच्या पलीकडे उभा असल्यासारखीच बोलायची. कामठ्याला तळ्याखाली त्यांचं धानाचं शेत होतं. दुपारी तिनं तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, नवऱ्याला जेवायला हाक मारली की आजूबाजूच्या धानाच्या चार बांध्यांतले गडीही हात धुऊन घराकडे निघत. "काकी, हळू बोला," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "काऊन? मी का चोरी करून राहिली?"

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी गोंदियात काही मंडळींनी अंध-अपंगांचे खेळ ठेवले. मला चुन्यानं रेघा मारायचं काम मिळालं. खेळाडूंना पाणी पाजायला मी काकीला सोबत नेलं.

अंधांच्या शर्यतीत चौघे होते. पलीकडे घंटा वाजवायची आणि त्यांनी आवाजाच्या रोखानं धावायचं, असं ठरलेलं. पण शेजारच्या धानगिरणीच्या घरघरीत घंटा ऐकूच जाईना. सरावात एक जण शरबताच्या टेबलावर गेला, दुसरा थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांत.

"किसी को लग जाएगी. दौड़ रद्द करो," संयोजक म्हणाले.

त्या चौघांत दरेकशाचा देवाजी होता. वय चाळिशीला टेकलेलं. डोळे लहानपणी देवीत गेलेले. तो मटकन खाली बसला. "सात वर्साचा होतो, तवापासून धावाले भेटला नाई. आज भेटन म्हनून आलो होतो."

काकीनं घागर खाली ठेवली. "घंटीले का कोनाचा नाव घेता येते?" असं म्हणत तिनं चौघांची नावं विचारली आणि ती पलीकडे जाऊन उभी राहिली.

"देवाजी, ये ना गा! सीधा ये! डाव्या हाताले नोको जाऊ, तिथं मास्तर उभा आहे!"

मी उडी मारून बाजूला झालो. चौघे सुसाट निघाले. त्यांना थांबवायचं कसं, हा विचार मात्र कुणीच केला नव्हता, काकीनंही नाही. ती चौघांसकट आडवी झाली.

"पहिला कोण?" संयोजकांनी विचारलं.

"पयले मले उठवा!" ढिगाखालून आवाज आला. उठून तिनं तोंड चाचपलं. पुढचा एक दात हलत होता. "देवाजी पयला. याचाच माथा माह्या दातावर बसला."

देवाजी ओशाळला. "काकी, लय लागला का?"

"लागला. पर तू धावला का नाई?"

बक्षिसाच्या वेळी देवाजीचं नाव पुकारलं, तर तो जागेवर नाही. मोकळ्या मैदानात काकीच्या लुगड्याचा पदर धरून तो धावत होता. पुढे काकी, कासोटा खोचलेली, धापा टाकणारी. पाहुणे बक्षीस हातात घेऊन ताटकळले. मी बोलवायला गेलो, तर तिनं धावता धावताच मला हात केला.

"थांबाले सांग त्यायले! तीस वर्साचा धावना बाकी आहे याचा!"