गाडीतून काढलेल्या नेव्हिगेशनचा उजवा कौल

आधीच सांगून टाकतो, मी कुजकट माणूस आहे. लोकांचे असले अनुभव वाचताना दर चार ओळींनी मी ‘हॅट्’ म्हणतो. वळणावरची बाई, पांढरी साडी, आपोआप बंद पडलेली मोटारसायकल... अहो, मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे! मोटारसायकल बंद पडली तर मी आधी फ्यूज बघतो. बाई बघायला जात नाही. त्यामुळे मीच आज असं काही लिहायला बसलोय म्हटल्यावर आमच्या घरात सगळे गालातल्या गालात हसतायत. हसू देत.

गोष्ट २००८ सालची. मालवणहून तारकर्लीला जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान. गाडीचं वायरिंग, सेल्फ, डायनामो आणि कार टेप बसवणं हे माझं काम. आमचं घर मात्र पिढ्यानपिढ्या मासेमारीचं. बाबा चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य माणूस. मोतीबिंदूने नजर गेल्यावर ते बोटीवरून उतरले आणि माझ्या दुकानातल्या बाकड्यावर येऊन बसायला लागले. बोट मोठा भाऊ चालवायचा, विलासदादा. मला समुद्र लागतो, म्हणजे बोटीत बसलं की ओकारी. म्हणून मी वायरी धरल्या.

बाबांचं आणि माझं एकच भांडण होतं, गाऱ्हाण्याचं. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला सांगायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मी कधी म्हणायचो नाही. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा झाली, समुद्राला नारळ दिला, सगळी वाडी ओरडतेय आणि मी आपला हाताची घडी घालून उभा! घरी येताना बाबा म्हणाले, “तुझ्या एका ‘व्हय’न तुझा काय जाता रे?” मी म्हटलं, “खोटा बोलाक माका जमना नाय.” ते पुढे चालू लागले. मलाही वाईट वाटलं, पण माघार घेईन तर मी कसला!

आता गाडीचं सांगतो. चीफकाका म्हणून आमचे शेजारी. जन्मभर परदेशी जहाजांवर चीफ कुक होते, रिटायर होऊन घरी आले. त्यांनी गोव्यातून एक जुनी जपानी गाडी घेतली. कोणीतरी परदेशातून येताना आणलेली, ९९ सालची. डॅशबोर्डमध्ये कंपनीचंच नेव्हिगेशन, डीव्हीडीवर चालणारं. त्या डीव्हीडीत नकाशा फक्त जपानचा. गाडी सुरू केली की एक बाई जपानीत नाजूकपणे काहीतरी सांगायची, आणि पडद्यावर काय? नुसता निळा रंग आणि मधोमध गाडीचा पांढरा त्रिकोण. म्हणजे गाडी कुडाळला असो की कट्टा गावच्या बाजारात, नेव्हिगेशनच्या हिशेबाने ती भर समुद्रात!

सगळे हसायचे. बाबांना मात्र ते भारी आवडलं. काका त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचे तेव्हा पुढे बसून पडद्याला नाक लावून बघायचे. त्यांना तेवढा निळा रंग दिसायचा. म्हणायचे, “मशीन खरा बोलता. आमी दर्यातलेच.”

पण काकांना गणपतीच्या आधी गाण्यांचा टेप हवा होता, यूएसबीवाला. माल मागवला, आणि नारळी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी सकाळी गाडी दुकानात लागली.

माझी कामाची पद्धत ठरलेली आहे. आधी डिस्क बाहेर काढायची, म्हणजे ओरखडा जात नाही. ती मी काढली, काकांच्या हातात दिली, त्यांनी गाडीच्या खणात ठेवली. मग बॅटरीची वायर सोडली, पॅनल उघडलं, नेव्हिगेशन बाहेर काढलं. सॅटेलाइटचा अँटेना डॅशबोर्डच्या आत चिकटवलेला होता, तो तिथेच सोडला. हे सगळं ध्यानात ठेवा... पुढे लागणार आहे.

काढलेलं मशीन मी बाकावर दुकानाच्या बॅटरीला जोडलं. गिऱ्हाईकासमोर दाखवायचं असतं, की बघा, तुमची वस्तू जिवंत काढली आहे, मी बिघडवलेली नाही. पडद्यावर जपानी अक्षरांची एक ओळ आली. डिस्क घाला, असं असणार. काका म्हणाले, “बरा आसा.” मी वायर काढणार, तेवढ्यात आमचा शेजारी बाबल धावत आला. त्याची स्वतःची बोट आहे.

“विलास काल सांजेक येवचो होतो. अजून येवक नाय.”

मला वाटत होतं दादा रात्री येऊन झोपला असेल. घरच्यांना वाटत होतं परस्पर मासळी घेऊन बंदरावर गेला असेल. मोसमातली पहिलीच फेरी, सोबत दोन खलाशी, आणि समुद्र अजून पुरता बसलेला नाही. मोबाईल लागत नव्हता. दादा उत्तरेला तोंडवलीच्या समोर जाळं टाकायला गेला होता. वारा खालून वर, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे. त्यामुळे चार बोटी शोधायला उत्तरेकडे निघूनही गेल्या होत्या. बंदरावर कळवून झालं होतं.

बाबा बाकड्यावरून उठले. टोपी काढली. भिंतीवर देवाची तसबीर आहे तिच्याकडे वळले आणि हात जोडून लेकासाठी गाऱ्हाणं सुरू केलं. “बा देवा म्हाराजा, आज माझो झील तुझ्या पदरात आसा...”

बाबल आणि काका म्हणाले, “व्हय म्हाराजा.”

आणि मशीन म्हणालं, टिंग.

मला वाटलं योगायोग. बाबा पुढचं वाक्य बोलले... परत टिंग. तिसऱ्या वाक्याला पडदा निळा झाला, मधोमध पांढरा त्रिकोण आला! डिस्क आत नाही, अँटेना नाही... मी बघतच राहिलो.

तो निळा रंग बाबांना दिसला असणार. ते तसबिरीकडून सरळ मशीनकडे वळले आणि त्यांनी चक्क कौल लावला! कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारायचा, उजवा आला तर हो, डावा आला तर नाही. देवळात गुरव लावतात. इथे माझे बाबा बाकावरच्या कार नेव्हिगेशनला विचारत होते, “विलास जितो आसा, तर उजवो दी.”

माझं डोकंच फिरलं. “बाबा, तुमी कोणाक इचारतास? ती मशीन आसा, देव नाय! जपानची!”

त्रिकोण सावकाश उजवीकडे वळला.

“उजवो दिल्यान,” काका पुटपुटले. बाबांना तेवढं पुरलं. “आता वाट दाखय,” ते म्हणाले. पडद्यावर त्रिकोणापासून एक बारीक लाल रेघ निघाली आणि खाली डाव्या कोपऱ्यात गेली. उत्तरेची खूण वर होती. म्हणजे रेघ नैऋत्येला. निवतीच्या खडकांच्या बाजूला. जिथे एकही बोट शोधायला गेली नव्हती!

मी भांडत होतो, हे कबूल करतो. सगळे उत्तरेला गेलेत ते काय खुळे आहेत? काकांनी माझा खांदा धरला. “दीपक, वर चार बोटी गेलेत. एक खाली गेली तर काय बिघडता? माझी मशीन आसा, मी पण येतंय.”

मी मशीनच्या वायरी गोळा करायला लागलो. खरं सांगायचं तर मला कोणीतरी हे म्हणायलाच हवं होतं.

मग आमची वरात निघाली. मासे ठेवायच्या थर्मोकोलच्या खोक्यात दुकानातली बॅटरी, तिच्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं मशीन, वायरी लोंबतायत. बाबांचा एक हात माझ्या खांद्यावर. किनाऱ्यावर कोणीतरी विचारलंच, “टीव्ही घेवन खंय चललंस रे?” दुसऱ्या वेळी मी त्याला झोडपला असता.

बाबल सुकाणूवर, बाबा खोकं मांडीशी धरून पुढे, आणि रेघ कुठे आहे ते सांगायला मी. बोट वळली की रेघ पडद्यावर फिरायची, पण दिशा तीच धरून असायची. पाच मिनिटांत मला ओकारी. दहाव्या मिनिटाला काकांना! जन्मभर जहाजावर स्वयंपाक केलेला माणूस आमच्या छोट्या बोटीत आडवा. “माझा जहाज मोठा होता रे,” एवढंच बोलले.

दोन तासांनी निवतीचे खडक डाव्या हाताला मागे पडले. पुढे नुसतं पाणी. आणि पडदा काळा झाला.

मी वायर हलवली, बॅटरी मोजली. बारा व्होल्ट पुरते. काही उपयोग नाही. बाबल म्हणाला, “डिझेल परतीपुरता रवला. फिरवतंय.” त्याचं चूक नव्हतं. पण दादाची धाकटी मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मला रडूच फुटलं. रडतो कसला, चांगला भोकाड पसरून रडलो.

बाबांनी टोपी काढली. “बा देवा म्हाराजा, काय चुकला माकला आसात तर माफ कर. माझ्या झिलाक घराक पोचय.”

कोणीच बोललं नाही. बाबल इंजिनपाशी वाकलेला, त्याला ऐकू गेलं नव्हतं. काका निपचित. गाऱ्हाणं तसंच राहिलं... बाबा हात जोडून थांबले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्यांना दिसतच नव्हतं. पण ते कोणाची वाट बघतायत ते मला कळलं.

मी घशाच्या शिरा ताणून ओरडलो, “व्हय म्हाराजा!”

टिंग.

पडदा निळा. लाल रेघ आता आखूड झाली होती, बोटाच्या पेराएवढी. “सरळ! बाबल, सरळ! फिरव नको!” पंधरा मिनिटांत लाटेच्या पलीकडे काहीतरी पिवळं दिसलं. वल्ह्याला बांधलेला रेनकोट!

“किती जण आसत?” बाबांनी विचारलं. मी उभा राहून मोजले, परत मोजले. “तिघय आसत! बाबा, तिघय आसत!”

दादाच्या बोटीचा गिअर तुटला होता, मग नांगराचा दोरही. रात्रभर वाहत आले होते. ओठ फुटलेले, डोळे लाल. आणि बोट जवळ आल्यावर त्याचं पहिलं वाक्य काय? “दीपक? तू बोटीर? ...आणि ह्या काय, गाडयेतलो टेप घेवन इलंस?”

मी त्याला आधी शिव्या घातल्या, मग मिठी मारली, मग दोघांच्या अंगावर ओकलो.

त्याची बोट आमच्या बोटीला बांधून आम्ही परत आलो तेव्हा किनाऱ्यावर ही गर्दी! बायका रडतायत, पोरं पाण्यात धावतायत. वहिनी कंबरभर पाण्यात शिरली आणि दादाला सोडून इंजिनालाच शाप द्यायला लागली, “शिरा पडो त्या इंजिनार!” बाबांना लोकांनी खांद्यावर घेतलं. उत्तरेकडून परतलेल्या बोटींनी भोंगे वाजवले. आयुष्यात एवढा ताठ मी कधी चाललो नव्हतो, आणि हातात काय, तर थर्मोकोलचं खोकं!

काका म्हणाले, टेप उद्या बसव. मी म्हटलं, छट्, आजच! संध्याकाळी सातच्या आत नवा टेप बसवला, यूएसबी लावली आणि आवाज असा सोडला की रस्त्यावरची माणसं थांबून नाचली. दादा अंगावर चादर घेऊन नाचला. बाबा बाकड्यावर बसून टाळ्या वाजवत होते.

मशीन त्यानंतर पुन्हा चालू झालं नाही. डिस्क घालून बघितली, अँटेना जोडून बघितला. कोल्हापूरला माझ्या ओळखीचा एक निष्णात माणूस आहे, त्याने उघडून तपासलं. म्हणाला, आत वळण ओळखणारा सेन्सर असतो, त्यामुळे बोट वळल्यावर रेघ फिरू शकेल. मी म्हटलं, ठीक. पण डिस्क नसताना पडदा निळा कसा झाला? म्हणाला, होणार नाही. आणि जायचं ठिकाण त्यात कोणी घातलं? त्यावर तो चहा मागवतो म्हणून उठला.

कोणी म्हणेल, म्हातारा जुना तांडेल, त्याला पाण्याची ओढ ठाऊक असणार. मीही बाबांना तेच विचारलं होतं. ते म्हणाले, “मी असतंय तर तोंडवलीकच गेलो असतंय.”

काकांनी मशीन परत घेतलं नाही. ते आमच्या दुकानात तसबिरीच्या खाली आहे. दर नारळी पौर्णिमेला बाबा त्याला फूल वाहतात. माझ्याकडे या सगळ्याचं स्पष्टीकरण नाही. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही, आणि तुमच्या त्या पांढऱ्या साडीला मी अजूनही ‘हॅट्’च म्हणणार!

पण आमच्या बोटीच्या पूजेला कधी आलात, तर एवढंच ऐका. सगळ्या वाडीत ‘व्हय म्हाराजा’ सर्वांत मोठ्याने कोण ओरडतो ते.