खंडेनवमीचं पाणी

"अहो, तुमच्या पाइपातून चहा गळतोय," हिरा म्हणाली.

हिरा माझी बायको. अंबडला औषधाच्या कंपनीत मी मेंटेनन्सला, ती पॅकिंगला. तिच्या टेबलावरून एसीच्या थंड पाण्याचा जाड पाइप जायचा. तिच्या पांढऱ्या टोपीवर तांबूस डाग पडला होता.

"थंड पाइपाला घाम येतो," मी म्हणालो.

"घाम लाल असतो का?"

पॅकिंगच्या सगळ्या बाया हसल्या. मी रागानंच शिडी लावली.

पाइपावर फोम असतो, त्यावर पत्रा. हे इन्सुलेशन. आत क्लॅम्प असतात, पाइप त्यांच्यावर लटकतो. क्लॅम्पचे नटबोल्ट जीआय, म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. जस्त लोखंडाला सांभाळतं. पण ओल्या फोमात वर्षानुवर्षं राहिलं की तेही संपतं. आधी पांढरी भुकटी, मग तांबडा गंज.

पत्रा उघडला. फोम पिळला, तर पाणी. बोल्टला पाना लावला, तर बोल्टच मोडून हातात आला. शेजारच्या क्लॅम्पचा बी तसाच. खाली हिरा मान वर करून बघत होती.

"उठा समद्या तिथून!" मी ओरडलो.

मॅनेजर साहेब धावत आले. "रंगनाथभाऊ, माल आज जायचाय. परवा खंडेनवमी. पूजेनंतर बघू ना."

"पाइप पडला तर खाली माझी बायको हाय. तुम्ही बसता का तिच्या जागी?"

लाइन बंद झाली.

पाणी आलं कुठून? आम्हीच घातलेलं. दर खंडेनवमीला पूजेआधी मशिनी धुवायच्या, त्या भरात होजच्या नळीनं पाणी या पाइपावर पण मारायचं. पत्र्याचा जोड वरच्या अंगाला, पाणी सरळ आत. आणि होज धरणारा मीच.

दोन दिवस राबलो. नवे बोल्ट, प्रत्येकावर इपॉक्सी पेंटचे दोन हात. नवा कोरडा फोम. पत्र्याचा जोड बाजूला घेतला, तोंड खाली, वरून सीलंट.

त्या नवमीला पाइप कोरड्या फडक्यानं पुसला. हळदकुंकू हिरानं लावलं, शिडीवर चढून. शिडी मी धरली होती.

"हलवू नका हां."

"पडलीस तर माझा डबा कोण करील?"

हिरा गेल्या वर्षी गेली, तापानं. आता स्वयंपाक मीच करतो. बरा नसतो.

पाइप अजून जागेवर आहे. इन्सुलेशनवर पाणी मारू नका. आणि खालून बाई काही म्हणाली, तर आधी शिडी लावा, मग तोंड उघडा.