बरोबरीचा मान

मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी चार वाड्यांचं एक गाव आहे. तिथला सहदेव पंचवीस वर्षं बोटींवर आगवाला होता, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालायचा. माणूस उभा आगीसमोर आणि डोक्यात सदोदित पाणी. भट्टीचं दार उघडलं की त्याला आपल्या गावची नारळी पुनव दिसायची. आपण कमरेएवढ्या पाण्यात उभे आहोत, हातात पूजेचा नारळ आहे, मागे सगळा गाव गप्प आहे, आणि आपण तो नारळ हलकेच सोडतो. एवढंच. पुढे काही नाही. हे स्वप्न त्याने एडनपासून कार्डिफपर्यंत सगळ्या बंदरांतून फिरवून आणलं.

गावाची रीत अशी, की श्रावणात होड्या वर ओढलेल्या असताना चारही वाड्यांच्या पोरांनी किनाऱ्याच्या वाळूत, पुळणीवर हुतूतू खेळायचा आणि जिंकेल त्या वाडीतल्या सगळ्यात वडील माणसाने पुनवेला दर्याला पहिला नारळ द्यायचा. सहदेवाच्या खालच्या वाडीला हा मान कधी मिळालाच नव्हता. एकदा हरला तो घरी बसला, असा खाक्या. कोणी कोणाशी खेळायचं ते चिठ्ठीवर ठरायचं, आणि चिठ्ठी मेली अशी, की खालच्या वाडीपुढे पहिल्याच दिवशी बंदरवाडीचे रेडे उभे करायची. बरोबरी झालीच तर देवाला कौल लावायचा. देवाच्या अंगावरची पाकळीही नेमकी बंदरवाडीच्याच बाजूने गळायची.

सहदेव कायमचा घरी आला तेव्हा त्याच्याहून वडील माणसं एकेक करून गेलेली होती, आणि वाडीत सगळ्यात वडील तोच उरला होता. संध्याकाळी पुळणीवर बसून तो रग्बीची गोष्ट सांगायचा. वेल्समधल्या कार्डिफला बोट दुरुस्तीला लागली असताना गोदीतला एक वेल्श माणूस त्याला सामना बघायला घेऊन गेला होता. चेंडू न सोललेल्या, असोल्या नारळासारखा लांबट. तो पोटाशी धरून तगडे पुरुष धावत होते, बाकीचे त्यांच्या अंगावर पडत होते, आणि धुक्यात उभी राहून हजारो माणसं एका आवाजात गात होती. सांगता सांगता सहदेव डोळे मिटायचा. ऐकणाऱ्यांनाही मग समोरच्या पाण्यावर ते धुकं उतरल्यासारखं वाटायचं.

"पाच देश," तो सांगायचा. "परत्येक जण परत्येकाशी खेळता. त्या वर्सा, पंचावन साली, वेल्स आणि फ्रान्स सारके झाले. चिठ्ठी नाय, कौल नाय. दोघंय पयले! अरे, वेल्सवाल्यांनी फ्रान्सका हरवलेला, तरी दोघंय पयले. मी त्या माणसाक इचारलंय, तुका राग नाय येणा? तो हसलो. म्हणालो, आमी दुसरीकडे हरलाव मा, ता कोणी भोगूचा?"

ऐकून ऐकून गावाच्या डोक्यात ते शिरलं. एकसष्ट साली ठरलं, की यंदा चिठ्ठी नको, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं. आणि जग बघितलेला माणूस म्हणून पंच सहदेवच.

झालं काय, तर खालच्या वाडीने बंदरवाडीला हरवलं. असं याआधी कधी घडलं नव्हतं! वाडी नुसती तरंगत होती. सहदेवाच्या बायकोने, पद्मावतीने, त्याचं धोतर धुऊन, नीळ घालून घडी करून ठेवलं. शेवटच्या दिवशी मात्र मठवाडीच्या किरकोळ पोरांनी ओल्या वाळूत खालच्या वाडीला लोळवलं. बंदरवाडीने बाकी कोणाकडून मार खाल्ला नव्हता, खालच्या वाडीनेही मठवाडीखेरीज कोणाकडून नाही, आणि मठवाडी तर आधीच दोनदा हरलेली. म्हणजे दोन्ही वाड्या सारख्या.

"तुमी आमच्याकडसून हरलास मा? मगे नारळ आमचो!" खालच्या वाडीची पोरं ओरडली.

"आणि मठवाडीकडसून तुमी हरलास, ता खंय गेला? कौल लावा!" बंदरवाडी ओरडली.

सगळ्यांची तोंडं सहदेवाकडे वळली. समोर बंदरवाडीचा वडील गंगाराम बसला होता, लहानपणीचा सोबती. याआधी कितीदा तरी त्याने दर्याला नारळ दिलेला. समोरासमोर जिंकला तो पहिला, एवढं एक वाक्य सहदेवाने म्हणायचं होतं, की नारळ त्याच्या हातात आला असता. कोणी त्याला लबाडही म्हटलं नसतं. त्याच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं, हे खरं. पण खेळ सुरू होण्याआधी हा नियम कोणी सांगितला नव्हता, आणि बंदरवाडी जिंकली असती तर आपण तो मानला असता का?

"दोघंय पयले," तो म्हणाला.

त्याच्याच वाडीची पोरं पाय आपटत निघून गेली. घरी पद्मावती दाराकडे पाठ करून चुलीशी बसली होती.

"इतकी वर्सां वाट बघलास, आणि हातात इललो नारळ दुसऱ्याक दिलास?"

"अर्धो आसा मगे."

"अर्धो नारळ दर्याक कोण देता?" ती म्हणाली आणि रडू लागली. सहदेवालाही रडू येत होतं, पण दोघांनी एकदम रडून कसं चालेल म्हणून तो अंगणात जाऊन उभा राहिला.

पुनवेला दोघे म्हातारे एक नारळ चार हातांत धरून पाण्यात शिरले. मागे गाव गप्प होता. ऊन मऊ होतं, पाणी गढूळ आणि कोमट. सहदेवाने हे सगळं इतक्या वेळा बघितलं होतं, की आपण जागे आहोत का, याचीच त्याला शंका आली. फक्त स्वप्नात बाजूला गंगाराम नसायचा. तो नसता तर बरं झालं असतं, असं त्याला आत्ताही वाटत होतं.

कमरेएवढ्या पाण्यात ते थांबले. आधी कोणी सोडायचा, हे कोणीच ठरवलं नव्हतं. सहदेव सोडीना, गंगाराम सोडीना. दोघांची बोटं नारळावर घट्ट, नजर समोर. तेवढ्यात एक मोठी लाट आली, पायांखालची वाळू ओढून घेऊन गेली आणि नारळही घेऊन गेली. दोघे धडपडले. हाताला लागलं ते त्यांनी धरलं.

पाणी ओसरलं तेव्हा नारळ लांब वर-खाली होत होता आणि दोघांनी एकमेकांची मनगटं धरलेली होती.

"सहदेवा, हात सोड."

"आदी तू सोड," सहदेव म्हणाला.