एका माहितीपटासाठी मागितलेली कॅसेट

माझ्या नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं, पण आमच्या टीव्हीला ते अजून कळलेलं नाही. शाळेतून घरी येऊन मी तो लावला, की आदबीने विचारतो, पुढे पाहायचं का? पुढे म्हणजे काय, तर पंक आणि न्यू वेव्ह संगीताच्या सुरुवातीच्या दिवसांवरचा कुठला तरी माहितीपट, अर्ध्यावर राहिलेला. नाही म्हटलं तर खाली आणखी तसलेच सुचवतो. 'तुम्हाला आवडतील असे.' मला ते कधीच आवडलेले नाहीत.

आवडले नाहीत तरी पाठ आहेत. दम्माममधल्या आमच्या फ्लॅटला हॉल एकच. शुक्रवारी जेवणं आटोपली की सोफ्याच्या एका टोकाला तो हे माहितीपट लावून बसायचा आणि दुसऱ्या टोकाला मी पुस्तक घेऊन. मान वर न करता मला कळायचं, कुठवर आलंय ते. आधी एक मळकट शहर, संप, रस्त्यात साठलेला कचरा. मग विटांच्या भिंतीपुढे खुर्चीत बसलेला साठीचा गृहस्थ सांगणार, की आमच्यात कोणालाच वाजवता येत नव्हतं आणि तेच तर महत्त्वाचं होतं. मग दुसरी भिंत, दुसरा गृहस्थ, तेच वाक्य. मग हलणाऱ्या कॅमेऱ्यातून उड्या मारणारी पोरं. शेवटाकडे कोणीतरी मरतं, गिटार मंद होते, आणि ड्रमर आता घरांची दलाली करतो असं कळतं.

"सगळे एकसारखे आहेत," मी म्हणायची.

"तुझ्या कादंबऱ्यांत तरी काय, माणसं जन्मतात, भांडतात आणि मरतात," तो म्हणायचा. "मी काही बोलतो का?"

त्याचा जीव त्यात अडकण्याचं कारण होतं. पुण्यात इंजिनिअरिंग शिकत असताना तो असल्याच एका बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. बँडचं नाव इंग्रजीतली एक शिवी होती, त्यामुळे स्नेहसंमेलनात सरांनी 'आपल्या मुलांचा वाद्यवृंद' असं म्हणून वेळ मारून नेली होती. वर्ष-दीड वर्षात बँड मोडला. पुढे नोकरी, लग्न आणि सौदी. इथे तो अबकैकच्या तेलाच्या प्लान्टवर लागला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. मी एका भारतीय शाळेत ग्रंथपाल आहे. तो गेल्यावर त्याला पुण्याला नेलं, सगळं केलं, आणि माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या नावावरून शाळेच्या नावावर करून घ्यायला परत आले. लोक विचारतात, आता तिथे काय उरलंय? मुलगी इथे आहे, शेजारच्या खोबर शहरात नोकरी करते. पुस्तकं इथे आहेत. आणखी काय उरायला हवं, मला कळत नाही.

अशात पुण्याहून एका तरुण दिग्दर्शकाचा फोन आला. पुण्यातल्या सुरुवातीच्या पंक आणि न्यू वेव्ह बँडांवर तो माहितीपट करत होता. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता हे घरातही शिरलं.

मुलगा वाईट नव्हता. बोलणं गोड, प्रत्येक वाक्याला काकू. व्हिडिओ कॉलवर मुलाखत ठरली. मी पुस्तकांच्या कपाटापुढे बसले.

"काकू, मागे वाळवंट दिसेल असं बसता येईल का?"

"मागे सुपरमार्केटचं पार्किंग आहे."

"अच्छा. मग खिडकी नको. तुम्ही फक्त सांगा, काकांचं संगीत इथे आल्यावर कसं सुटलं."

मी म्हटलं, सुटलं नाही. वाजवणं थांबलं, कारण शिफ्ट ड्यूटी होती आणि खाली लहान मुलांचं कुटुंब राहायचं. ऐकणं वाढलं. तो ज्या गोष्टी पुण्यात ऐकायला महिनोन्महिने थांबायचा, त्या त्याला खोबरच्या कॅसेटच्या दुकानांत ढिगाने मिळाल्या.

"हो, हो," तो म्हणाला. "पण एक प्रकारची घुसमट असेलच ना? परत एकदा घेऊ या, काकू? या वेळी 'गुदमरला' हा शब्द आला तर फार बरं होईल."

"कोण गुदमरला?"

"काका. आतून."

मी कॉल बंद केला नाही, एवढंच. शाळेत मुलं पुस्तकाचा शेवट आधी वाचून मग निबंध लिहायला बसतात, त्यांचा मला राग येतो. हा त्यातलाच. त्याचा शेवट ठरलेला होता आणि तो त्याला बँडच्या ड्रमरने पुरवला होता. ड्रमरचा आता पुण्यात टाइल्सचा मोठा व्यवसाय आहे. मुलाखतीचा तो तुकडा दिग्दर्शकाने मला मोठ्या उत्साहाने पाठवला. पाहते तर विटांची भिंत. तिच्यापुढे ड्रमर, पोट सुटलेला, डोळ्यांत पाणी. म्हणतो, "आमच्यातला खरा संगीतकार तोच. सौदीला गेला आणि संपला."

माझं पुढचं वर्ष या वाक्याने व्यापलं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण पुढचे बरेच दिवस मी भांडी घासताना त्याला उत्तरं देत होते. संपला म्हणजे काय? तीस वर्षं माणूस कामावर गेला, मुलीला गणित शिकवलं, दर शुक्रवारी त्या कर्कश गाण्यांत बोटांनी सोफ्यावर ताल धरला. हे सगळं संपल्यानंतरचं? त्या दीड वर्षातच तो माणूस होता, तर मग मी संसार कोणाबरोबर केला?

मुलीला मात्र हा माहितीपट हवा होता.

"आई, प्लीज. बाबा त्यात दिसायला हवा."

"असा?"

"कसाही. नाहीतर नोबडी विल नो ही एक्झिस्टेड."

"मला माहीत आहे. तुला माहीत आहे."

"आपण दोघीच ना," ती म्हणाली. तिचा हट्ट समजत होता. अडचण इतकीच, की त्या चित्रपटात तिच्या बापाला यायचं तर संपलेला माणूस म्हणूनच येता येत होतं, नाहीतर तो येणारच नव्हता.

मग कॅसेट निघाली. ड्रमरनेच सांगितलं, की बँडचं एकमेव रेकॉर्डिंग माझ्या नवऱ्याकडे होतं. ते होतं खरं आणि आजही माझ्या कपाटात आहे. फक्त त्यावर दुसरं काही आहे.

आम्ही आलो तेव्हा फोन महाग होते आणि पत्रात लहान मुलाचं रडणं ऐकू येत नाही. म्हणून इथली माणसं घरी कॅसेट पाठवायची. टेपरेकॉर्डर समोर ठेवून बोलायचं आणि सुटीवर निघालेल्या कोणाच्या तरी हाती ती कॅसेट द्यायची. इमारतीतले रत्नागिरीचे एक व्यापारी घरी जाताना साबण-अत्तरांबरोबर आमच्या सगळ्यांचे आवाज पिशवीत भरून न्यायचे आणि मुंबईहून ज्याचे त्याला पोचते करायचे. एकदा त्यांचं निघणं अचानक ठरलं, आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. नवऱ्याने बँडची कॅसेट उचलली, मागच्या बाजूच्या दोन खाचांवर चिकटपट्टी लावली, तशी लावली की जुन्यावर नवं भरता येतं, आणि तिच्यावरच आईला पत्र बोलला. मी म्हटलं, अरे, ती का? तो म्हणाला, "आईला नातीचा आवाज हवाय. आमचा आवाज कोणालाच नको होता." बँडची गाणी एकाच बाजूला होती, पण पत्र ती सगळी बाजू भरेल इतकं झालं नाही. त्यामुळे शेवटी खट्ट होतं आणि बँडच्या शेवटच्या गाण्याचं शेपूट उरतं. सासूबाईंनी ती कॅसेट जपून ठेवली होती. त्या गेल्यावर तो ती परत घेऊन आला.

हे मी दिग्दर्शकाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर तो खुर्चीतून उठलाच.

"काकू, तो खट्ट! तोच माझा चित्रपट आहे! सौदी येते आणि संगीत पुसलं जातं."

"सौदीने नाही पुसलं. चिकटपट्टी त्याने लावली."

"तेच तर, काकू. स्वतःच्या हाताने!"

मी तरीही खट्ट आणि त्याच्या आजूबाजूचा भाग मोबाइलवर उतरवून पाठवला. मुलगी शेजारी बसून होती, म्हणून. आठवड्याने जोडलेला तुकडा आला. ड्रमर म्हणतो, संपला. पडद्यावर वाळूच्या टेकड्या, वरून घेतलेल्या. दूरवर उंट. आमच्या आयुष्यात उंट ट्रकमध्ये बसून हफ्र अल बातिनच्या रस्त्याने जाताना दिसले, तेवढेच. आणि मागे कुठलंसं अरबी तंतुवाद्य विव्हळतंय. त्या विव्हळण्यातून माझ्या नवऱ्याचा आवाज येतो, तरुण, घाईतला: "आणि आई, लोणचं पाठवू नकोस, बरणी फुटली तर त्यांच्या कपड्यांचं वाटोळं होईल." खट्ट. गिटार.

मी व्हिडिओ कॉल लावला.

"ते वाद्य काढा."

"काकू, त्याने इमोशन येतं."

"त्या वाक्यात इमोशन नाही. लोणचं आहे."

तो हसला, मग मी हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. मी म्हटलं, तुम्ही माझ्याकडून शेवटचा तुकडा घेतलात. त्याआधी काय आहे ते ऐकलंत? तो म्हणाला, वेळ मिळाला की नक्की. मी म्हटलं, आता ऐका. मी लावते. तुम्हाला उठायचं असेल तर आत्ताच सांगा, मग तो खट्टही वापरू देणार नाही आणि गाणंही नाही.

"आई!" मुलगी दबक्या आवाजात म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

जुना टेपरेकॉर्डर फोनशेजारी ठेवला. नवरा गेल्यापासून मीही ती बाजू पूर्ण ऐकली नव्हती. आधी एसीची घरघर. मग तो. नळाला खारं पाणी येतं. मुलीला दात येतोय, ऐक, आणि मुलगी बोबडं काहीतरी ओरडते. मग मी लांबून काहीतरी म्हणते, ते कळत नाही. दिग्दर्शक मान खाली घालून बसला होता. एकदा त्याने मोबाइल उचलला आणि परत ठेवला.

आणि मग टेपवर नवरा दुकानाच्या गोष्टीकडे आला. "आई, तुला सांगतो, इथे माझी चैन आहे. खोबरला कॅसेटचं एक दुकान आहे. नमाजाची वेळ झाली की शटर ओढतात, आत असेल तो आतच राहतो. मी मुद्दाम जरा आधी शिरतो. टेप बंद असतो, पण कॅसेटवरची नावं वाचायला कोणी ना म्हणत नाही. ज्यांचं एकेक गाणं आम्ही कोणाकोणाच्या हातापाया पडून मिळवायचो, त्यांची अख्खी रांग लावलीय गं. अजून कोणी ऐकलं नसेल असलंही आहे. दुकानदार म्हणतो, तुम्ही एकटेच हे घेता, तुमच्यासाठीच मागवतो. आमच्या ड्रमरला सांगायला पाहिजे, तो वेडा होईल."

मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. मी टेप चालू ठेवला. पुढे लोणचं आलं आणि खट्ट झालं, मग ते भयंकर गाणं. सगळे आपापल्या वेगाने पळतायत असं वाटतं.

 दिग्दर्शक प्रामाणिकपणे म्हणाला, "काकू, हे माझ्या स्ट्रक्चरमध्ये बसत नाही."

"स्ट्रक्चर बदला."

"एडिट संपत आलंय. आणि ड्रमरकाकांचं वाक्य मी काढू शकत नाही, अख्खा शेवट त्यावर उभा आहे."

"काढू नका. त्यांना वाटलं ते ते बोलले. पण त्याच्यानंतर दुकान घ्या. सगळं, माझी चैन आहे पासून वेडा होईलपर्यंत. खाली काही वाजवायचं नाही. वाळू नाही, उंट नाही."

"मग पडद्यावर काय दाखवू?"

"कॅसेट दाखवा. नाहीतर काळं ठेवा. तुम्ही लोक एरवी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं किती वेळ ठेवता."

त्यानंतर पंधरवडाभर आमचं फोनवर चाललं होतं. त्याला आवाज थोडा कमी करायचा होता, एसीची घरघर काढायची होती, एका ठिकाणी 'गं' कापायचा होता. मी घरघर राहू द्या म्हटलं. एसीशिवाय इथे कोणी बोलत नाही. 'गं'ही राहिला. एकदा तो वैतागून म्हणाला, काकू, तुम्ही एडिटर व्हायला हवं होतं. मी म्हटलं, मला असले चित्रपट आवडत नाहीत.

पुण्यात चित्रपट दाखवला तेव्हा मुलगी रजा टाकून गेली. मी गेले नाही. शाळेत पुस्तकांची वार्षिक मोजणी होती, आणि खरं सांगायचं तर विटांच्या भिंती मोठ्या पडद्यावर पाहायची माझी तयारी नव्हती. संध्याकाळी तिचा फोन आला. चित्रपट लांबला म्हणाली, मधला अर्धा तास नकोच होता. बाबाचा आवाज अख्खा आला म्हणाली, एसीच्या घरघरीसकट. मग, "थांब, कोणाला तरी बोलायचंय तुझ्याशी," आणि फोनवर कोणाचा तरी श्वास आला.

"वहिनी, मी." ड्रमर होता. "त्याने मला कधी सांगितलं नाही हो. दुकानाचं."

"तुम्ही विचारलं होतंत?"

"नाही." मागे गर्दी बोलत होती, तिच्यावर आवाज चढवून तो म्हणाला, "मूर्खासारखं बोललो मी त्यात."

"बोललात."

"त्या पोराला म्हटलं, काढ ते. तो म्हणतो, आता नाही निघत."

"राहू द्या," मी म्हटलं. "तुमच्यानंतर लगेच तोच बोलतोय."