आधी लोखंडाची तहान

कुंभार पिंपळगावात लोहाराच्या भट्टीवर तुळजाबाईनं उभा जन्म घण मारला. पण लोखंडाला पाणी पाजलं नाही. ते काम नवऱ्याचं, धर्मराजचं. लाल झालेलं खुरपं तो सांडशीनं उचलून पाण्याच्या डोणीत बुडवायचा. चर्र आवाज विझला की म्हणायचा, "पी आता." मग ती घण ठेवून तांब्या तोंडाला लावायची. आधी लोखंडाची तहान, मग माणसाची, असा त्या घरचा रिवाज.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात धर्मराज गेला. जालन्याला कारखान्यात असलेला मुलगा वसंता म्हणाला, "आई, पोळा झाला की भट्टी मोडू. माझ्याकडं नुसतं बसून खा."

नुसतं बसायचं, याचीच तिला धडकी भरली.

खुरपणीच्या तोंडावर शेजारची उषाबाई बोथट खुरपं घेऊन आली. ते भट्टीत घालण्याआधी तुळजाबाईनं भरदुपारी स्वतःच्या खुरप्यावर हात चालवून पाहिला. पाणी पाजलं, आणि पात्याला चीर गेली. उन्हात लाली कळलीच नव्हती. लोखंड फार तापलं होतं.

चिरलेलं पातं हातात धरून ती बसली. समोर दाराला गोणपाटाचा पडदा गुंडाळलेला होता. पाणी पाजायच्या वेळी धर्मराज तो खाली सोडायचा. "धुरात मारता का मला?" म्हणून ती दर वेळी भांडायची. तो नुसता हसायचा.

दुसऱ्या दिवशी तिनं पडदा सोडला.

बाहेरून उषाबाई ओरडली, "काय वो तुळजाबाई, खुरपं करून राह्यल्या का निजल्या?"

"दम धर की!"

अंधारात लाली उमलली, गडद झाली. तिनं पातं बुडवलं. चर्र झालं, विझलं.

उषाबाईनं धार दगडावर घासून पाहिली. "बराबर धर्मराजदादावानी हाय. मंग, जालन्याला कवा जाता?"

"न्हाई जात."

उषाबाई गेली. तुळजाबाईचा घसा कोरडा पडला होता. तांब्या भरलेला, हाताशीच होता. ती त्याच्याकडे पाहत बसली. रस्त्यानं एक बैलगाडी गेली. पुन्हा सगळं शांत झालं.

"पी आता," शेवटी तीच म्हणाली.

पाणी कोमट झालं होतं.