शेकाआधीचं तेल

आमच्याकडे रेडिएशनला कुणी रेडिएशन म्हणत नसे. शेक म्हणत. "तिला मुंबईला शेक देतात." हा शब्द कुणी काढला देव जाणे, पण तो माणूस कधी भेटला तर मला विचारायचंय, बाबा रे, तुला दुसरं काही सुचलं नाही का?

कारण शेक म्हटलं की आमच्या बायकांना एकच ठाऊक, बाळंतिणीचा. आधी अंगात कोमट तेल जिरवायचं, मग शेकायचं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही बदलापूरला, कुळगावात दोन खोल्यांत राहत होतो. बाबा अंबरनाथच्या एका फॅक्टरीत सुपरवायझर, मी उल्हासनगरच्या एका ऑफिसात टायपिस्ट. आईच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि त्यानंतर पाच आठवडे रोज किरणं घ्यायची ठरली. बाबांनी रजा टाकली, तेच तिला घेऊन जायचे. पहिल्या दिवशी परत आल्यावर मी विचारलं, "पथ्यपाणी काय सांगितलंय?"

"विशेष काही नाही. फक्त खंड पडू द्यायचा नाही म्हणाले. मध्ये थांबलं तर रोगाला फावतं."

एवढंच. मीही मठ्ठासारखी मान हलवली.

घरचं बघायला खरवईहून आत्या आली. बाबांची थोरली बहीण. गावातल्या निम्म्या बाळंतिणी तिच्या हाताखालून गेलेल्या. तिने 'शेक' ऐकलं आणि लगेच पदर खोचला. "तेलाबिगर शेक? कोरडी पडल ना बाय!" रोज संध्याकाळी खोबरेल कोमट करून, त्यात हळद घालून ती आईच्या छातीला, काखेत चोळायची. वर ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकायची. आई डोळे मिटून पडायची. बरं वाटतं म्हणायची. आणि मी? मी तेल गरम करून द्यायचे. स्वतःच्या हाताने!

बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असायचे. मधला पडदा ओढलेला. पण ओव्याचा वास काय पडद्याने अडतो?

तिसऱ्या आठवड्यात काखेतली कातडी लाल झाली, मग काळी पडली. आत्या म्हणाली, उष्णता बाहेर पडते. एका संध्याकाळी ब्लाउज काखेत चिकटला. मी पाण्याने भिजवून हळूहळू सोडवला, तरी उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी कातडी त्याच्याबरोबर आली. आई ओरडली नाही. तिने माझा दंड घट्ट धरला, तिची नखं उमटली.

दुसऱ्या दिवशी मी दांडी मारली आणि बाबांना घरी बसवून आईबरोबर गेले. तिथल्या सिस्टरने पदर बाजूला केला आणि माझ्यावर अशी भडकली की बाकावरची माणसं उठून बघायला लागली. "हे तेल कुणी लावलं? हळद कुणी लावली? शाईच्या रेघासुद्धा पुसल्यात! आम्ही किरणं कुठे द्यायची ते त्या रेघांवरून ठरतं, कळतं का?"

मी म्हटलं, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"सांगितलं नाही? वडिलांच्या हातात कागद दिलाय. चांगला मराठीत."

डॉक्टरांनी बघितलं आणि उपचार थांबवले. कातडी भरेपर्यंत, निदान दोन आठवडे. जो खंड पडू द्यायचा नव्हता, तोच पडला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आले आणि चप्पलही न काढता बाबांपुढे हात पसरला. "कागद." त्यांनी पासाच्या पाकिटातून काढून दिला, चार घड्या घातलेला. तेल, हळद, पावडर, साबण काही लावू नये. शेकू नये. रेघा पुसू नयेत. ऊन टाळावं. सैल सुती कपडे घालावेत. सगळं ठसठशीत छापलेलं. आणि वर मथळा: 'स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी सूचना'.

"का नाही दाखवलात?"

बाबा खाली बघत म्हणाले, "ताईपुढे असलं कसं वाचायचं? आणि तू पोरगी. बाईमाणसाच्या गोष्टी..."

काय बोलायचं या माणसाला! फॅक्टरीत शंभर माणसांवर ओरडणारा हा बाप, एक शब्द तोंडातून काढायला लाजला. मी दार सताड उघडं ठेवलं आणि तो कागद मथळ्यापासून मोठ्याने वाचला. आत्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. ती ऐकत होती, संध्याकाळसाठी काढून ठेवलेलं तेल हाताला तसंच. वाचून झालं तशी ती भावाकडे वळली. "आरं, मी तिला भाजत व्हते रं! आन् तू मूग गिळून बसलास?" आणि मटकन खाली बसून रडायला लागली.

मग तिने स्वतःचं वापरून मऊ झालेलं लुगडं फाडलं आणि आईला बिनबाह्यांचं झबलं शिवलं. आई दिवसभर पंख्याखाली हात डोक्यावर घेऊन बसायची. सतरा दिवसांनी उपचार पुन्हा सुरू झाले, पुरेही झाले. पण दोन वर्षांनी आजार परत आला, त्याच बाजूला. मी डॉक्टरांना विचारलं, त्या खंडामुळे का? ते म्हणाले, "सांगता येत नाही." मलाही येत नाही. म्हणूनच राग जात नाही.

आई गेली त्या दिवशी ओट्यावर बाबांच्या फॅक्टरीतली माणसं बसली होती. कुणीतरी विचारलं, "वहिनींना नेमकं काय झालं होतं हो?"

बाबा म्हणाले, "पोटाचं काहीतरी होतं."

मी आत आईच्या उशाशी होते. तशीच उठून दारात आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "स्तनाचा कॅन्सर होता."

ओट्यावरचे सगळे एकदम आपापल्या चपला शोधायला लागले.